माँटेग्यूसाहेबांचे दोन कागद

शाळेच्या इतिहासात काही इंग्रजी नावे जोडीनेच भेटतात. मोर्ले आणि मिंटो, माँटेग्यू आणि चेम्सफर्ड. सन पाठ करायचे, सुधारणांची चार कलमे पाठ करायची, द्विदल राज्यपद्धती म्हणजे काय ते दोन ओळींत लिहायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. आपल्यापैकी बहुतेकांचा या मंडळींशी परिचय एवढाच. या दुसऱ्या जोडीतले पहिले नाव ज्यांचे, ते एडविन सॅम्युएल माँटेग्यू धर्माने ज्यू होते, ही गोष्ट त्या धड्यात कोठेच नव्हती. हिंदुस्थानला जबाबदार राज्यपद्धतीचे आश्वासन देणारी घोषणा त्यांनी ज्या आठवड्यात केली, त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्याच सरकारवर ज्यूद्वेषाचा लेखी आरोप केला होता, हेही नव्हते. आणि हा आरोप कशासाठी? तर ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये राष्ट्रीय वसतिस्थान देण्याचे सरकारच्या मनात होते म्हणून!

वाचक विचारतील, शंभरावर वर्षांपूर्वीचे हे प्रकरण आज कशाला उकरायचे? त्याला कारण आहे. अमेरिकेच्या वायव्य टोकाला सिएटल शहरात विंग ल्यूक नावाचे संग्रहालय आहे. आशियाई वंशाच्या अमेरिकन लोकांचा इतिहास तेथे जपला जातो. मे २०२४ मध्ये या संग्रहालयात द्वेषाचा एकत्र सामना करण्याच्या विषयावर एक प्रदर्शन लागले. आशियाई, कृष्णवर्णीय आणि ज्यू अशा तीन समाजांच्या संस्थांनी मिळून ते तयार केले होते. हेतू चांगला, विषय चांगला. पण ज्यूंविषयीच्या भागातील मजकुरावरून ठिणगी पडली. झायोनिझमला विरोध म्हणजेच ज्यूद्वेष, असा अर्थ त्या मजकुरातून निघतो, असे संग्रहालयाच्याच कर्मचाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांच्यापैकी सुमारे निम्मे जण काम थांबवून बाहेर पडले आणि संग्रहालय काही दिवस बंद ठेवावे लागले. गाझातील युद्ध तेव्हा आठव्या महिन्यात होते. दोन्ही बाजूंची मने आधीच पोळलेली होती. इस्रायलच्या सरकारवर टीका करणारा प्रत्येक जण ज्यूंचा वैरी ठरवायचा का, असे एक बाजू विचारत होती. इस्रायलचे नाव पुढे करून प्रार्थनास्थळे विद्रूप केली जातात, मुलाबाळांना शाळेत हिणवले जाते, मग त्याला ज्यूद्वेष नाही तर काय म्हणायचे, असे दुसरी बाजू विचारत होती.

ही बातमी वाचली आणि मला माँटेग्यू आठवले. झायोनिझमचा इतका कडवा विरोधक आणि ज्यूद्वेषाचे इतके घाव सोसलेला माणूस त्या काळच्या ब्रिटिश राजकारणात दुसरा सापडत नाही. हे दोन्ही एकाच आयुष्यात कसे सामावले, हे पाहिले की त्या फलकावरचा वाद थोडा निवळून दिसतो, असे मला वाटते.

चांदीच्या पेढीवरचा मुलगा

६ फेब्रुवारी १८७९ रोजी लंडनमध्ये एडविन यांचा जन्म झाला. वडील सॅम्युएल माँटेग्यू हे लंडनमधले बडे सराफ. सोन्याचांदीच्या आणि हुंडणावळीच्या व्यवहारात त्यांच्या पेढीचा दबदबा होता. त्यांचे जन्मनाव माँटेग्यू सॅम्युएल. पुढे त्यांनी नाव आणि आडनाव यांची अदलाबदल केली. पार्लमेंटात ते लिबरल पक्षाचे सभासद होते आणि १९०७ मध्ये त्यांना लॉर्ड स्वेथलिंग हा किताब मिळाला. घरात मात्र सोवळे कडक होते. शनिवारचा शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम, प्रार्थना यांत तसूभरही ढिलाई त्यांना खपत नसे. रशियातील छळाला कंटाळून लंडनच्या पूर्व भागात दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब ज्यूंच्या लहान लहान सिनेगॉगांचा संघ त्यांनी १८८७ मध्ये उभा केला. मुलांनी धर्म सोडला किंवा धर्माबाहेर लग्न केले, तर वारसा मिळणार नाही, अशी अट त्यांच्या मृत्युपत्रात होती.

अशा घरात मुले सरळ वडिलांच्या पावलावर पाऊल टाकतात किंवा दूर पळतात. एडविन यांची बहीण लिली हिने धर्मातच राहून सुधारणेची वाट धरली आणि इंग्लंडमधील उदारमतवादी ज्यू चळवळीचा पाया घातला. वडिलांना ते मुळीच रुचले नाही. एडविन यांनी आणखी वेगळी वाट घेतली. कर्मकांडावरचा त्यांचा विश्वास तरुणपणीच उडाला होता. त्यांना ओढ होती पक्ष्यांची, रानावनाची आणि राजकारणाची. केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात असताना तेथील प्रसिद्ध वादसभेचे, म्हणजे युनियनचे ते १९०२ मध्ये अध्यक्ष झाले. त्यांना मनापासून व्हायचे होते ते इंग्रज, इतर इंग्रजांसारखा एक इंग्रज. पण मी ज्यू नाही, असे मात्र त्यांनी कधीही म्हटले नाही.

१९०६ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटात गेले. तेथे ॲस्क्विथ यांनी त्यांना हाताशी धरले. ॲस्क्विथ पंतप्रधान झाले तसे माँटेग्यूही चढत गेले. १९१० मध्ये ते हिंदुस्थान खात्याचे उपमंत्री झाले, आणि १९१२-१३ च्या हिवाळ्यात त्यांनी हिंदुस्थानचा पहिला दौरा केला. हा देश त्यांच्या मनात भरला तो कायमचा.

मोठ्या लोकांत त्यांची ऊठबस होती. पण या वर्तुळात त्यांना जागा होती ती पाहुण्याची. धिप्पाड देह, मोठे डोके, काहीसा उदास चेहरा. पाठीमागे त्यावरून थट्टा चाले आणि थट्टेचा रोख वंशावर असे. खुद्द ॲस्क्विथ खासगी पत्रांतून त्यांना ॲसिरियन म्हणत. ही पत्रे ते व्हेनिशिया स्टॅनली या तरुणीला लिहीत. पंतप्रधानांचे साठीतले मन तिच्यावर जडले होते. मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसूनही ते तिला पत्रे लिहीत असत. माँटेग्यूही तिच्या प्रेमात होते. अखेर १९१५ मध्ये तिने माँटेग्यूंशी लग्न केले आणि त्यासाठी ज्यू धर्म स्वीकारला. यात श्रद्धेपेक्षा मृत्युपत्रातील अटीचा भाग मोठा होता, हे उघड गुपित होते. ज्या माणसाने सारा उत्कर्ष करून दिला, त्याचेच मन माँटेग्यूंच्या सुखाने मोडले. पुढे डिसेंबर १९१६ मध्ये ॲस्क्विथ यांचे सरकार पडले, लॉइड जॉर्ज आले, आणि काही महिन्यांनी माँटेग्यू नव्या सरकारात गेले तेव्हा जुन्या मित्रांनी त्यांच्यावर निष्ठा विकल्याचा ठपका ठेवला.

२० ऑगस्ट आणि २३ ऑगस्ट

जुलै १९१७ मध्ये मेसोपोटेमियातील लष्करी गोंधळावरून ऑस्टेन चेंबरलेन यांनी भारतमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या चर्चेत माँटेग्यूंनी हिंदुस्थान सरकारच्या ताठर, जुनाट कारभारावर सडकून टीका केली होती. काही दिवसांतच ते स्वतः त्या खुर्चीवर बसले. वय अडतीस. होमरूलची चळवळ जोरात होती, टिळकांच्या सभांना महाराष्ट्रात अलोट गर्दी लोटत होती, ॲनी बेझंट नजरकैदेत होत्या.

२० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यूंनी पार्लमेंटात ती घोषणा केली. राज्यकारभाराच्या प्रत्येक शाखेत हिंदी लोकांना वाढता वाटा द्यायचा आणि साम्राज्याच्या अंतर्गत टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती आणायची, हे ब्रिटिश सरकारचे धोरण असल्याचे प्रथमच जाहीर झाले. हा पहिला कागद.

दुसरा कागद तीन दिवसांनी, २३ ऑगस्टला मंत्र्यांमध्ये फिरवला गेला. त्याचा मथळाच होता, सध्याच्या सरकारचा ज्यूद्वेष. परराष्ट्रमंत्री बाल्फोर हे झायोनिस्टांना अनुकूल असे जाहीर पत्र देण्याच्या बेतात होते, आणि त्यावर हा हल्ला होता.

झायोनिझम म्हणजे काय, हे येथे सांगायला हवे. ज्यू हा केवळ धर्म मानणाऱ्यांचा समुदाय नसून ते एक राष्ट्र आहे आणि त्या राष्ट्राला पॅलेस्टाईनमध्ये स्वतःचे घर मिळाले पाहिजे, असे मानणारी ही चळवळ. थिओडोर हर्झल यांनी १८९७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे तिचे पहिले अधिवेशन भरवले. लंडनमध्ये तिचे नेतृत्व करत होते खाईम वाइझमन, रशियात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्यामागे होती पूर्व युरोपातील ज्यूंची वेदना. १९०३ मध्ये किशिनेव्ह येथे झालेली कत्तल कोणी विसरले नव्हते. आपल्याला कोणत्याच देशाने आपले मानले नाही, तर स्वतःचा देश का नको, असा त्यांचा साधा सवाल होता.

माँटेग्यूंनी टिपणात मांडलेले म्हणणे याच्या नेमके उलटे होते. ज्यू हे एक राष्ट्र आहे, हेच त्यांना मान्य नव्हते. इंग्रज ज्यू आणि मोरोक्कोतील ज्यू यांचा धर्म एक. पण म्हणून ते एका राष्ट्राचे होत नाहीत, जसे इंग्रज ख्रिस्ती आणि फ्रेंच ख्रिस्ती होत नाहीत. पॅलेस्टाईन हे ज्यूंचे घर असे एकदा सरकारी शिक्क्याने ठरले, की प्रत्येक देशातले ज्यूद्वेष्टे आपल्या ज्यू शेजाऱ्याला सांगणार, जा तुझ्या घरी. आणि पॅलेस्टाईनमध्ये पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मुसलमान व ख्रिस्ती लोकांचे काय? तेथील दहातले नऊ रहिवासी ज्यू नव्हते. तेच स्वतःच्या भूमीत परके होतील, असे माँटेग्यूंनी बजावले होते. सरकारचा हेतू द्वेषाचा आहे, असे त्यांनी म्हटले नव्हते; परिणाम द्वेष्ट्यांच्या पथ्यावर पडेल, असे म्हटले होते.

त्यांच्या या संशयाला आधार नव्हता असे नाही. ज्या बाल्फोर यांच्या नावाने पुढे ते पत्र अजरामर झाले, तेच १९०५ मध्ये पंतप्रधान असताना पूर्व युरोपातून येणाऱ्या ज्यूंच्या लोंढ्याला आळा घालणारा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा झाला होता. इंग्लंडचे दार लोटून घ्यायचे आणि दुसऱ्याच्या देशातले दार उघडून द्यायचे, यातला दुवा माँटेग्यूंच्या नजरेतून सुटणारा नव्हता.

पण टिपण वाचताना त्यांचा तोल गेलेलाही दिसतो. झायोनिस्टांचा मताधिकार काढून घ्यावा, त्यांची संघटनाच बेकायदा ठरवावी, अशा टोकाला ते जातात. हिंदुस्थानला मताधिकार देऊ पाहणारा मंत्री आपल्याच समाजातील विरोधकांचा मताधिकार काढून घ्यायला निघाला होता! त्यांना स्वतःचे इंग्रजपण हातून निसटण्याची भीती वाटत होती, आणि भ्यालेला माणूस न्यायाने बोलतोच असे नाही.

घरातही एकवाक्यता नव्हती. त्यांचे सख्खे चुलतभाऊ हर्बर्ट सॅम्युएल हे झायोनिझमचे पाठीराखे. पॅलेस्टाईनवर १९१५ मध्येच त्यांनी मंत्रिमंडळापुढे टिपण ठेवले होते, आणि १९२० मध्ये ते पॅलेस्टाईनचे पहिले ब्रिटिश हायकमिशनर झाले. एकाच कुळातले, एकाच शहरात वाढलेले, एकाच पक्षातले दोन भाऊ. एकाला जे ज्यूंचे कल्याण वाटे, ते दुसऱ्याला संकट वाटे.

भारतमंत्री युद्धमंत्रिमंडळाचे सभासद नव्हते, पण म्हणणे मांडायला त्यांना बोलावण्यात आले. ४ ऑक्टोबर १९१७ च्या बैठकीत त्यांनी कळवळून एक मुद्दा मांडला. लवकरच ते वाटाघाटींसाठी हिंदुस्थानला जाणार होते. ज्या माणसाचे खरे घर तुर्कस्तानच्या मुलखात आहे असे त्याच्याच सरकारने जगाला सांगितले, तो ब्रिटनच्या वतीने हिंदी लोकांशी कोणत्या तोंडाने बोलणार? पॅलेस्टाईन तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होते आणि तुर्कस्तान ब्रिटनचा शत्रू होता. हा प्रश्न मला त्या साऱ्या वादातला सर्वांत माणुसकीचा प्रश्न वाटतो.

लॉर्ड कर्झन यांनीही वेगळ्या कारणांसाठी हरकत घेतली. पण निर्णय फिरला नाही. माँटेग्यू बोटीने हिंदुस्थानच्या वाटेवर असतानाच २ नोव्हेंबर १९१७ रोजी बाल्फोर यांचे पत्र लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांच्या नावे निघाले. मुंबईत उतरल्यावर त्यांनी रोजनिशीत आपला संताप आणि दुःख नोंदवले. तरी त्यांची धडपड अगदीच वाया गेली नाही. अंतिम मसुद्यात दोन अटी आल्या. पॅलेस्टाईनमधील ज्यूंखेरीज इतर लोकांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना बाध येऊ नये, ही एक; आणि इतर देशांतील ज्यूंचे हक्क व राजकीय स्थान यांना धक्का लागू नये, ही दुसरी. या दुसऱ्या अटीमागे माँटेग्यू आणि त्यांच्यासारख्या ब्रिटिश ज्यूंचा विरोध होता, याबद्दल इतिहासकारांत फारसा मतभेद नाही.

हिंदुस्थानात

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईत पाऊल ठेवल्यापासून पुढच्या वसंत ऋतूपर्यंत माँटेग्यू देशभर फिरले. राजेरजवाडे, कलेक्टर, व्यापारी, मुसलमानांची शिष्टमंडळे, ब्राह्मणेतरांची गाऱ्हाणी, सगळे त्यांनी ऐकले. गांधी, जिना, बेझंट यांना ते भेटले. दिल्लीत टिळकांशीही त्यांची भेट झाली, आणि या माणसाच्या मागे किती लोक आहेत हे त्यांनी रोजनिशीत मान्य केले. ही रोजनिशी त्यांच्या पश्चात १९३० मध्ये व्हेनिशियाने प्रसिद्ध केली.

व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्यासह त्यांनी तयार केलेला अहवाल जुलै १९१८ मध्ये बाहेर आला आणि डिसेंबर १९१९ मध्ये त्याचा कायदा झाला. टिळकांना तो फार अपुरा वाटला. तरी ते विलायतेत पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षीला गेले, आणि अमृतसरच्या काँग्रेसमध्ये प्रतियोगी सहकारितेची भाषा बोलले. मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीपुढे १९१९ मध्ये एका तरुण प्राध्यापकाने अस्पृश्यांची बाजू मांडली. ते होते भीमराव आंबेडकर. या सुधारणांनी महाराष्ट्राच्या राजकारणात किती दारे किलकिली केली, हे यावरून ध्यानात येईल. त्याच वेळी, त्यांच्याच कारकिर्दीत रौलट कायदा आला, हेही विसरून चालणार नाही.

त्या अहवालातले एक प्रकरण मला या सगळ्या कथेचा दुवा वाटते. धर्मनिहाय स्वतंत्र मतदारसंघ त्यात नाइलाजाने मान्य केले आहेत, पण त्यांच्यावर केलेली टीका कडक आहे. धर्माच्या रेषेवर माणसांची विभागणी केली, की ती नागरिक म्हणून विचार करायचे सोडून गटाचे सैनिक होतात, असा तिचा आशय. लंडनमध्ये झायोनिस्टांविरुद्ध माँटेग्यू जे बोलत होते, तेच हिंदुस्थानसाठीही लिहिले गेले होते. माणूस आधी आपल्या देशाचा नागरिक, धर्म त्याचा खासगी; ही त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती.

८ जुलै १९२०

या श्रद्धेची परीक्षा लंडनमध्येच झाली. १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरला जालियनवाला बागेत जनरल डायरने नि:शस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसे मेली. डायरला नोकरीतून दूर करण्यात आले आणि ८ जुलै १९२० रोजी त्यावर हाऊस ऑफ कॉमन्समध्ये चर्चा झाली. सुरुवात माँटेग्यूंनी केली. सैनिकी डावपेचांच्या तपशिलात ते शिरलेच नाहीत. दहशत बसवून आणि वंशाचा अपमान करून हिंदुस्थान ताब्यात ठेवायचा आहे, की लोकांच्या सदिच्छेवर, असा थेट प्रश्न त्यांनी सभागृहाला विचारला.

सभागृह खवळले. हुर्यो सुरू झाली, आणि तिचा रोख भाषणातल्या मुद्द्यांपेक्षा बोलणाऱ्याच्या वंशावर होता. एक परका, एक ज्यू, इंग्रज सेनापतीला धडे देतो, अशी ती भावना होती. त्यांच्याच सरकारमधील ऑस्टेन चेंबरलेन यांनी घरच्या पत्रात हेच निरीक्षण नोंदवले. बोलता बोलता माँटेग्यू चिडले तसतसे ते अधिकाधिक ज्यू दिसू लागले, अशा आशयाचा शेरा दुसऱ्या एका सरकारी माणसाने पंतप्रधानांना कळवला. अखेर चर्चिल यांनी थंड डोक्याने भाषण करून सरकारची अब्रू वाचवली. १२९ विरुद्ध २३० मतांनी डायरच्या पाठीराख्यांचा पराभव झाला. पण त्याच महिन्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने डायरची बाजू घेतली, आणि 'मॉर्निंग पोस्ट' या पत्राने त्याच्यासाठी सुमारे २६ हजार पौंडांचा निधी जमवला.

आपले घर इंग्लंडच, असे सांगत माँटेग्यू आयुष्यभर झायोनिस्टांशी भांडले. आणि आपल्या मृतांसाठी ते उभे राहिले, त्या दिवशी त्याच इंग्लंडच्या लोकसभेने त्यांना परके ठरवले. वाइझमन यांनी एवढा एकच दिवस पुराव्यादाखल दाखवला असता, तरी त्यांना वेगळे काही बोलावे लागले नसते.

१९२२ मध्ये शेवट आला. तुर्कस्तानला नरमाईने वागवावे, अशी हिंदी मुसलमानांची भावना कळवणारी हिंदुस्थान सरकारची तार माँटेग्यूंनी मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध करू दिली. ९ मार्चला त्यांना राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी, १० मार्चला गांधीजींना साबरमतीला अटक झाली. त्या वर्षाच्या निवडणुकीत माँटेग्यू हरले. १९२३ मध्ये त्यांच्या घरी मुलगी जन्मली, आणि १५ नोव्हेंबर १९२४ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते वारले.

बरोबर कोण होते?

हिशेब मांडायला गेलो की पारडे स्थिर राहत नाही. स्वतःला अस्सल जर्मन समजणाऱ्या, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेल्या ज्यूंना हिटलरने त्यांच्या देशभक्तीबद्दल काही विचारले नाही. युरोपातील साठ लाख ज्यू मारले गेले आणि पळून जायला निघालेल्यांना बहुतेक देशांनी दारे लावून घेतली. हे पाहायला माँटेग्यू हयात नव्हते. असते, तर आपल्या टिपणातल्या किती ओळी त्यांनी कायम ठेवल्या असत्या?

उलट, त्यांच्या भीतीही खऱ्या ठरल्या. १९४८ मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. आणि इराकमध्ये, जेथे ज्यू अडीच हजार वर्षे नांदले होते, तेथून १९५०-५१ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास ज्यूंना चंबूगबाळे आवरून निघावे लागले. तुमचा देश आता तिकडे आहे, हे शब्द माँटेग्यूंनी तीस वर्षे आधी ऐकले होते.

आता सिएटलच्या त्या फलकाकडे पाहू. झायोनिझमला विरोध म्हणजे ज्यूद्वेष, असे सरसकट लिहिले, तर माँटेग्यूंचे काय करायचे? मग ते ज्यूद्वेष्टे ठरतात, आणि त्यांना हुर्यो करणारे सुटतात. पण उलटे लिहिले, की या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, तर तेही खोटे होईल. १९६८ मध्ये पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने झायोनिस्टांविरुद्ध मोहीम उघडली. झायोनिस्ट हा शब्द तेव्हा ज्यूंनाच लावला जात होता. नोकऱ्या गेल्या आणि सुमारे तेरा हजार माणसांना देश सोडावा लागला. वॉर्साच्या पोलिश ज्यू इतिहास संग्रहालयाने २०१८ मध्ये त्यावर प्रदर्शन भरवले आणि त्या वेळच्या वाक्यांशेजारी आजच्या लोकांची वाक्ये लावली. त्यावर सत्ताधाऱ्यांचा रोष झाला, आणि निवड समितीने पसंती देऊनही संचालकांची फेरनेमणूक सरकारने अडवून धरली. म्हणजे सिएटलमध्ये कर्मचारी रागावले आणि वॉर्सात मंत्री. संग्रहालयाच्या भिंतीवरचे वाक्य किती जणांना लागते, ते यावरून दिसते.

आपल्या कोकणातले बेने इस्रायल आठवा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. मराठी बोलले, मराठीत कीर्तने केली, आणि केवळ ज्यू म्हणून त्यांना येथे कोणी छळले नाही. माँटेग्यूंना आपल्या सिद्धान्ताचा पुरावा हवा असता, तर तो अलिबाग-पेणच्या गावांत मिळाला असता. तरी १९४८ नंतर त्यांच्यातले बहुसंख्य स्वखुशीने इस्रायलला गेले. आणि तेथे आपण पूर्ण ज्यू आहोत हे मान्य करून घेण्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले. १९६४ मध्ये तेथील पार्लमेंटने तसा ठराव केला. या माणसांना कोणत्या एका वाक्यात बसवायचे?

म्हणून मला वाटते, संग्रहालयाने अशा जागी व्याख्या टांगू नये, माणसे दाखवावीत. कोण बोलले, कोणाविषयी, कोणत्या वर्षी, आणि त्यामुळे कोणाची नोकरी गेली, कोणाचे घर गेले, एवढे नीट लिहिले तरी पुरे. शाळकरी मुलेही त्यावरून समजतील की सरकारच्या धोरणाला विरोध कोठे संपतो आणि शेजाऱ्याचा द्वेष कोठे सुरू होतो. माँटेग्यूंचे दोन्ही कागद आज उपलब्ध आहेत. २० ऑगस्टचा आणि २३ ऑगस्टचा असे ते शेजारी शेजारी ठेवावेत, आणि त्यांच्या खाली ८ जुलै १९२० ची ती मते, १२९ आणि २३०.